औषधाचा गूळ

नाना डॉक्टरांशी कधी खोटं बोलले नाहीत. हे आधीच सांगून ठेवते, कारण त्या वर्षी डॉक्टरांसकट आम्ही सगळ्यांनी त्यांच्यावर तोच संशय घेतला होता.

नाना म्हणजे माझे वडील. शिरपूरकडच्या गावातून ते सिल्वासाला आले आणि तिथल्या मसाटच्या कारखान्यांपैकी एका कंपनीत लागले, ते निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिले. प्लास्टिकच्या बादल्या, पाइप, पिशव्या यांना रंग यावा म्हणून जे दाणे मिसळतात, ते दाणे बनवणारी कंपनी. इकडच्या कारखान्यांत डिपार्टमेंटला 'खातं' म्हणतात, गुजराती शेठांचा शब्द सगळ्यांच्याच तोंडात बसलाय. नानांचं काळं खातं. काजळीची पोती फोडायची आणि मशीनमध्ये ओतायची. पाळी सुटून माणसं बाहेर यायची तेव्हा आपला नवरा कोणता हे बायकांनाही चालीवरून ओळखावं लागायचं, असं माय सांगते.

तिथं नळापाशी एक परात ठेवलेली असायची, गुळाच्या खड्यांची. हात-तोंड धुवायचं, एक खडा तोंडात टाकायचा, वर तांब्याभर पाणी प्यायचं. गुळानं छातीतली धूळ खाली उतरते आणि सकाळी पोटावाटे निघून जाते, ही तिथली समजूत. गूळ कंपनीच द्यायची, म्हणजे त्यात तथ्य असणारच. एखादा नवखा परातीकडे न बघता गेटकडे निघाला की जुने लोक हाक मारायचे, "ए भाऊ, कचरा घरी नेतो का?"

कधीकधी नाना एक खडा कागदात बांधून माझ्यासाठी आणायचे. शाळेत जाताना ट्रकांची धूळ माझ्याही नाकात जाते म्हणून. दुसरा मागितला की हातावर चापट. "खाऊ नाही हा. औषध आहे." त्यामुळे आमच्या घरात गूळ दोन जागी असायचा. एक स्वयंपाकघरातल्या डब्यात, पोळीचा. दुसरा त्रिफळा, ओवा आणि बामच्या बाटलीबरोबर, औषधांच्या पिशवीत, नानांचा. दुकान एकच, ढेपही एकच. पण पहिला गोड होता आणि दुसरा नव्हता.

मी बी.एस्सी. केमिस्ट्री. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच, आणि हे सांगायला मला कसला संकोच वाटत नाही. नानांना तर त्याहून नाही. भाजीवाल्याला सुद्धा ते सांगतात, "आमची पोरगी लॅबमध्ये आहे. तिनं फेल केला तर ट्रकभर माल गेटबाहेर जात नाही." हे खरं आहे. मीही मसाटलाच, दुसऱ्या कंपनीत, माल तपासायचं काम करते. डोकमर्डीला भाड्याचा फ्लॅट घेतला आणि दोघांना माझ्याजवळ ठेवलं.

निवृत्तीनंतर नानांना साखर निघाली. गोळ्या सुरू झाल्या. मायनं चहातली साखर बंद केली, भात कमी केला, आंब्याच्या दिवसांत घरात आंबा आला नाही. नानांनी एका शब्दानं कुरकुर केली नाही. कारखान्यात ज्याला सुपरवायझर सांगेल ते करायची सवय लागते, त्याला पथ्य जड जात नाही.

मग चपलेचा पट्टा घासून डाव्या करंगळीपाशी फोड आला. फोड फुटला, जखम झाली आणि ती भरेचना. ज्या सर्जनकडे दाखवत होतो ते गुजराती, बोलायला गोड पण डोळ्यांनी माणूस तपासणारे. दर खेपेला साखरेचा आकडा बघायचे आणि नानांकडे बघायचे.

"काका, गळ्युं खाओ छो?" म्हणजे गोड खाता का.

"ना साहेब."

"पेढा, बरफी, शरबत?"

"काहीच नाही साहेब. चहा पण कडू पितो."

एका खेपेला त्यांनी मला मागं थांबवलं. म्हणाले, "बेन, तुझे वडील काहीतरी लपवतात. साखर अशीच राहिली तर करंगळी काढावी लागेल. करंगळीवर थांबलं तर नशीब म्हणायचं. पुढच्या महिन्यात ठरवू."

बाहेर बाकावर नाना पाय लांब करून बसले होते. मला बघून म्हणाले, "काय म्हणाला? कापायचं म्हणाला ना?"

"अजून नाही म्हणाले."

"अजून," नाना म्हणाले, आणि काठी टेकत उठले.

त्यानंतर घरात माझी तपासणी सुरू झाली. कामावरून आले की मी कप हुंगायची. नानांच्या सदऱ्याचे खिसे बघायची, कुठं चॉकलेटचा कागद सापडतो का. खाली दुकानदाराला विचारून आले. नाना गॅलरीत खुर्चीवर बसून हे सगळं बघत होते.

"पोलिसात जायचं होतंस," ते म्हणाले. "लॅबमध्ये फुकट गेलीस."

"मग आकडा वर का जातो, नाना?"

"मला काय विचारते? तू शिकलेली."

हे लागलं. आणि उत्तर खरंच माझ्याकडे नव्हतं. जेवण मोजून, गोळ्या वेळेवर, तरी साखर चढलेली. नानांकडे मात्र उत्तर होतं, आणि मायलाही ते पटलं होतं. काळ्या खात्यातली काजळी इतकी वर्षं अंगात साठली आहे, ती आता पायातून वाट काढते आहे, म्हणून जखम भरत नाही. घाण पूर्ण निघाल्याशिवाय ती भरणारही नाही.

त्यात शेजारच्या भाभी आल्या. त्या स्वतः जाऊन आल्या होत्या. मेन रोडवरच्या कॉम्प्लेक्समध्ये बॉडी डिटॉक्सचं सेंटर निघालंय, पाण्यात पाय ठेवून बसायचं, शरीरातला सगळा कचरा पाण्यात उतरतो, डोळ्यांनी दिसतो. भाभींच्या पायातून म्हणे चहासारखं पाणी निघालं.

"चहासारखं," नाना म्हणाले. "तुमच्या पोटात असेल तरी काय, भाभी. माझं बघाल तेव्हा डांबर निघेल."

मी नको म्हटलं. जखमेला पाणी लागू द्यायचं नाही हे सर्जननी बजावलं होतं, आणि तळव्यांतून कचरा गळतो हे मला कुठल्याच पुस्तकात शिकवलं नव्हतं. मायनं पोळ्या लाटता लाटता वर न बघता विचारलं, "तुनी डिग्री पाय बरा करी का?" आमची माय रागावली की अहिराणीवर येते. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते पिठाचा हात लावून पुसता येत नव्हतं. मी सुटीच्या दिवशी नानांना स्कूटरवर बसवलं.

सेंटर स्वच्छ होतं. वापीहून येणारी एक बाई ते चालवायची, पांढरा कोट घातलेली, बोलायला मोकळी. नानांची पट्टी बघितल्याबरोबर तिनं सांगितलं, "काका, जखमेचा पाय नाही घालायचा. उजवाच घाला." तेवढ्यानं माझ्या मनात तिच्याबद्दल बरं मत झालं.

नाना मात्र नाराज झाले. "माल तर त्याच पायात आहे, बेन."

"शरीर एकच आहे ने, काका. इकडून निघालं तरी तिकडचं हलकं होतं."

टबात कोमट पाणी, त्यात मीठ, त्यात वायर जोडलेलं धातूचं एक गोल भांडं. भिंतीवर तक्ता होता, नारिंगी आलं तर सांध्यातलं, काळं आलं तर लिव्हरचं. बटण दाबलं. थोड्याच वेळात भांड्याभोवती पिवळट तवंग आला, मग पाणी गढूळ झालं, मग गंजाच्या रंगाचं, आणि त्यात काळे कण तरंगायला लागले. मिठाचं पाणी, लोखंड आणि करंट. आमच्या लॅबमधल्या कोणालाही विचारा काय होईल ते. मी बाईला हळूच म्हटलं, "पाय न घालता एकदा चालवून दाखवाल का?"

"रिकामं चालवलं तर मशीन बिघडतं, बेन," ती म्हणाली, आणि टॉवेलांच्या घड्या घालायला लागली.

मी पुढं बोलणार होते, पण नानांचा चेहरा बघितला. ते पुढं वाकून टबात बघत होते. कित्येक महिन्यांनी त्यांचं कपाळ सैल झालं होतं. काळे कण बोटानं दाखवत म्हणाले, "हे बघ. हे आमचंच. रंग ओळखतो मी."

पाय पुसून झाल्यावर बाई नेहमीचं सांगायला लागली. पाणी भरपूर प्या, आणि काही दिवस साखर, गूळ, मैदा बंद.

नाना हसले. कारागीर दुसऱ्या कारागिराची चूक दाखवताना हसतो तसं. "साखर, मैदा ठीक आहे. गूळ कसा बंद करायचा? गूळ तर साफ करतो. तुमचं हे यंत्र आता निघालं, बेन. आम्ही रोज करतो. पायानं नाही, तोंडानं."

"रोज गूळ खाता, काका?"

"रोज. सकाळी उठल्यावर, आणि पाळी सुटायच्या वेळेला. निवृत्त झालो तरी नेम सोडला नाही. आणि पायाचं हे सुरू झाल्यापासून मोठा खडा घेतो. घाण जास्त निघते आहे ना, मग जोर जास्त लावायला नको?"

पाळी सुटायच्या वेळेला मी कामावर असते. सकाळी ते उठतात तेव्हा मी अंघोळीला असते. औषधांची पिशवी मी स्वतः आठवड्याला आवरायची, गोळ्यांची पाकिटं काढायची, घालायची, आणि तो कागदी पुडा तिथंच असायचा, बामच्या बाटलीला टेकलेला. त्याच्याकडे बघून मला कधी गूळ दिसलाच नव्हता. जखम भरत नाही म्हणून गूळ वाढवायचा, गूळ वाढला म्हणून साखर चढायची, साखर चढली म्हणून जखम भरत नव्हती. आणि नाना डॉक्टरांना खरं तेच सांगत होते. ते गोड खात नव्हते.

मला तिथंच हसू फुटलं. बाईला वाटलं मी मशीनला हसते, नानांना वाटलं त्यांना. खरं तर मला रडू यायला हवं होतं, पण आत काहीतरी सुटलं होतं. कारण सापडलं होतं. ज्याचं कारण सापडतं ते दुरुस्त करता येतं, निदान आमच्या कामात तरी.

घरी येऊन मी मायला सांगितलं. "मी माझ्या हातानं देत होते," ती म्हणाली. "रोज. पाणी पण मीच द्यायची."

"तू काय विष दिलं का?" नाना तिच्यावर ओरडले. "मी मागितला, तू दिला. आणि ही सांगते म्हणून तो गूळ लगेच वाईट झाला का? एवढी मोठी कंपनी. रोज ढेपा फोडायची. मूर्ख होती?"

कंपनीला मूर्ख म्हटलं असतं तर वाद तिथंच बुडाला असता. मी विचारलं, "नाना, तुमच्या खात्यात लॅबनं माल फेल केला तर काय करायचात?"

"मशीन बंद."

"भांडायचात का लॅबशी?"

"लॅबशी कोण भांडेल? सॅम्पल खोटं बोलत नाही."

"मग आपण सॅम्पल घेऊ."

मग अटी त्यांनीच घातल्या. दोन दिवस सारखे ठेवायचे. तीच भाकरी, तीच भाजी, तोच कडू चहा, त्याच वेळेला गोळी. फक्त एका दिवशी गूळ, दुसऱ्या दिवशी नाही. "एकाच वेळी दोन वस्तू बदलल्या की गडबड कशानं झाली ते कळत नाही," ते म्हणाले. "नाहीतर उद्या तू म्हणशील भाकरीनं झालं." मला इतका आनंद झाला की मी तो दाखवला नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी मुद्दाम नेहमीचा मोठा खडा घेतला. कंपनीची बाजू लढवत होते ना. काही वेळानं मी बोट टोचलं, पट्टीवर थेंब घेतला, यंत्रावर आकडा आला. मायला आकडे फारसे कळत नाहीत, पण तो फार वर गेलाय हे तिलाही कळलं.

"परत टोच," नाना म्हणाले. दुसरं बोट पुढं केलं. आकडा तसाच.

दुसऱ्या दिवशी, गुळाविना, तो पुष्कळ खाली होता. नानांनी यंत्र हातात घेतलं, चष्मा वर करून बघितलं, खाली ठेवलं. नंतर पिशवीतून पुडा काढला आणि मायकडे दिला. "पोळ्यांना घाल," एवढंच म्हणाले.

मला वाटलं संपलं. संध्याकाळी गॅलरीत चहा दिला तेव्हा त्यांनी रस्त्याकडे बघत विचारलं, "मग ती धूळ गेली कुठं?"

"कोणती?" मी विचारलं.

"गुळानं उतरत नव्हती, असं तू म्हणते. टबात आली ती पण माझी नव्हती, हेही तुझ्या तोंडावर तेव्हाच दिसलं मला. मग इतक्या वर्षांची गेली कुठं? आत असेल ना सगळी."

त्यांचा गूळ का सुटत नव्हता ते मला त्या वेळी कळलं. सवय कमी होती, भीती जास्त होती. नळावरच्या परातीनं रोज त्यांना सांगितलं होतं की आजचं आज साफ झालं, आता बिनघोर घरी जा. मी एका आकड्यानं ते काढून घेतलं होतं आणि त्या जागी काही ठेवलं नव्हतं. मी त्यांना खरं तेच सांगितलं, की गूळ पोटात जातो आणि धूळ छातीत, दोन्हींच्या वाटा वेगळ्या. बरीचशी धूळ नाकातच अडते, काही खोकल्यातून निघते, काही राहतही असेल. किती राहिली ते बघायचा मार्ग आहे.

"कापून?"

"फोटो काढून."

छातीचा फोटो काढला. फुंकर मारायच्या नळीत नानांनी जोरात फुंकर मारली, इतकी की टेक्निशियन म्हणाला, "बस काका, मशीन उडून जाईल." छातीच्या डॉक्टरांनी फोटो दिव्यावर लावला. आम्ही तिघंही त्या पांढऱ्या-काळ्या फिल्मकडे बघत होतो आणि मला, लॅबवालीला, त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, जुने दोन-चार डाग आहेत, वयाच्या मानानं दम उत्तम आहे, वर्षाला एकदा दाखवत जा.

"आत काळं नाही?" नानांनी विचारलं.

"काळं दिसतंय ती हवा आहे, काका. ती असायलाच हवी."

नाना बाहेर येऊन पायरीवर बसले. त्यांनी नाकानं खोल श्वास घेतला, सोडला, परत घेतला. माय म्हणाली, "आता इथंच श्वास घेत बसायचं का, रिक्षावाला थांबलाय." पण तीही त्यांच्याशेजारी टेकली.

त्यानंतरचे दिवस मला पट्ट्यांवरून आठवतात. गोळ्या त्याच, जेवण तेच, पण आकडा उतरत गेला. जखमेच्या कडा आधी पांढऱ्या होत्या, त्या गुलाबी झाल्या. मग मधला खड्डा वर आला. नाना रोज आरसा खाली धरून बघायचे आणि मला बातमी द्यायचे, "आज माल पास होईल असं वाटतं." ठरलेल्या दिवशी सर्जननी आकडा बघितला, पाय बघितला, आणि सवयीनं विचारलं, "काका, गळ्युं?"

नाना म्हणाले, "साहेब, तुम्ही प्रश्न बरोबर विचारत होता. मी उत्तरही बरोबर देत होतो." मग त्यांनी परातीपासून सगळं सांगितलं. सर्जन ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "मसाटहून माझ्याकडे किती लोक येतात. कोणालाच मी गूळ विचारला नव्हता." तेव्हापासून ते विचारतात. आमच्या ओळखीच्या एकाला परवाच विचारलं.

करंगळी काढायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. आणखी काही खेपांनी पट्टी सुटली ती कायमची. नर्सनं ती डब्यात टाकली आणि पाय पुसून मोकळा केला. करंगळी थोडी वाकडी आहे, रंगानं फिकी, पण आहे.

परत येताना नानांनी डोकमर्डीच्या वळणावर माझ्या खांद्यावर हात ठेवला. "थांब इथं."

"का? दुखतंय का?"

"उतरतो. चालत येतो घरी."

मी म्हटलं ऊन आहे, लांब आहे, काठी घरी राहिली आहे. त्यांनी ऐकलं नाही. उतरले, नव्या मऊ चपला नीट बसवल्या आणि रस्त्याच्या कडेनं निघाले. मी स्कूटर हळूहळू त्यांच्या मागं चालवत राहिले. काही पावलं गेल्यावर ते थांबले आणि वळून बघितलं.

"मागं मागं काय राखण करतेस? पुढं जा. मायला सांग, भाकरी टाक म्हणावं, मी पोचतोच आहे."

मी पुढं गेले.